कोंडाजीचा टोकणीचा पाय

कोंडाजी बसऱ्याच्या लढाईवरून परंदवडीला परतला तो एक पाय तिकडेच ठेवून. सरकारनं बदल्यात लाकडी पाय दिला, वर पट्टे आणि खाली निमुळता. पण पायाचं त्याला एवढं दुःख नव्हतं. दुःख होतं इर्जिकीचं. सगळा गाव आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबायचा, आणि बोलावणं करणारा नेमकं कोंडाजीचं दार टाळून पुढे जायचा. वर गोडीनं म्हणायचा, "तुमी बसा, भाऊ. लय सोसलंय तुमी." बसून बसून बिचाऱ्याचं अंग आंबून गेलं.

बायको बयाबाई मात्र त्याला बसवूनच ठेवायला निघाली होती. पायाची पेन्शन हवी तर माणूस कामातून गेलाय हे साहेबाला दिसलं पाहिजे, असं कुणा कारकुनानं तिच्या डोक्यात भरवलं होतं. झालं! रोज सकाळी ओसरीवर कण्हण्याची तालीम सुरू.

"असं न्हाई. पोटातनं कण्हा!"

कोंडाजी पोटातून कण्हला. शेजारचा नथू हातातलं टाकून धावत आला. त्याला वाटलं, यांची म्हैस अडली.

अर्ज करावा की काम शोधावं, कोंडाजीचा निर्णय काही होईना. पेन्शन आली तर बयाबाई खूश, पण मग जन्मभर 'तुमी बसा, भाऊ' ऐकायचं. याच विचारात तो एकदा नथूच्या खाचरातून आडवा निघाला. भात नुकतंच कापलेलं, जमीन ओली. लाकडी पाय पावलागणिक रुतत होता. नथू शिव्या देत धावला आणि मधेच थबकला. वाकून त्यानं एका भोकात बोट घातलं. पावट्याचं बी टोकायला हवं तेवढंच खोल!

"कोंडाजीभाऊ," तो हरखून म्हणाला, "उद्या आमच्यात इर्जिक हाय. पाय घिऊन या."

"एकच आनू का दोनी?" कोंडाजीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशीच साहेब चावडीवर अर्ज घ्यायला येणार होता. कोंडाजी गेला शेतात. त्याला ओढून न्यायला बयाबाई तणतणत आली, तर कुणीतरी तिच्याच हातात बियांची पाटी दिली. मग तो पुढे भोकं पाडतोय, ती मागून बी टाकतेय आणि प्रत्येक बियाबरोबर एक शिवी घालतेय.

इतक्यात शिपाई बांधावर आला. "लंगडा कोंडाजी कोण? साहेब बोलावतायत."

नथूनं कपाळाला आठ्या घातल्या. "लंगडा? आमच्या गावात कुनी लंगडा न्हाई."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्यात लबाडी नव्हती. त्यांना खरोखरच कुणी आठवेना. कोंडाजीनं नुसता हात वर केला असता तरी पेन्शन मिळत होती.

"गाव चुकला तुमी, दादा," तो शिपायाला म्हणाला, आणि भीत भीत मागे वळला.

बयाबाईनं एकदा शिपायाकडे पाहिलं, एकदा घामानं निथळणाऱ्या नवऱ्याकडे.

"थांबला काय?" ती खेकसली. "पुढं सरका. बी हातात हाय माज्या."