मॅडमचा अमेरिकेचा तास

आमच्या हिस्टरीच्या मॅडमनी मला भर वर्गात खोटं पाडलं होतं.

काल त्या गेल्या.

शाळेच्या ग्रुपवर सकाळपासून सगळे लिहितायत: सिलॅबसमध्ये नसताना ब्लॅक हिस्टरी शिकवणाऱ्या धाडसी मॅडम.
खरं आहे. फक्त अपुरं आहे.

नव्वदच्या दशकातलं बहरीन. मी तिथल्या भारतीय शाळेत आठवीत.
शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी अर्धी शाळा. शेवटच्या तासाला मॅडम पुस्तक मिटायच्या आणि अमेरिका काढायच्या. गुलामांची जहाजं, माणसांचे लिलाव, आईपासून तोडून विकलेली मुलं, बसमधल्या वेगळ्या सीट्स.
"हे एक्झाममध्ये येणार नाही. म्हणून नीट ऐका."
घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही.

शाळेत त्या मॅडम. माहूजला आमच्या घरी मावशी.
आंबेडकर जयंतीला आपली सगळी कुटुंबं आमच्या हॉलमध्ये जमायची. तिथे एकदा त्यांनी सांगितलं होतं, की त्यांच्या आईला गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. घागर घेऊन लांब उभं राहायचं. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी.

शाळेत हे कुणाला माहीत नव्हतं. आडनावावरून कळत नव्हतं.

एका गुरुवारी विषय निघाला पाण्याच्या नळांचा. गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा.
पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सो मीन, मिस! थँक गॉड, इंडियात असलं काही नव्हतं."

मी वाट पाहिली. मॅडम फळा पुसत राहिल्या.

मी हात वर केला. "होतं, मिस. तुम्हीच सांगितलंत ना? तुमच्या आईला विहिरीवर..."

त्या वळल्या.
"आय नेव्हर सेड दॅट. सिट डाउन."

मागून कुणीतरी "लायर" म्हणालं. वर्ग हसला.
मॅडमनी त्यांना गप्प केलं नाही.

संध्याकाळी त्या घरी आल्या. पप्पा नुकतेच सित्राच्या रिफायनरीतून कंपनीच्या बसने आले होते, पायात बूट तसेच.
"दादा, पोरीला समजवा. स्टाफरूममध्ये कळलं तर माझ्यासोबत डबा कोण खाईल? मी एकटी आहे तिथे."
पप्पा म्हणाले, "एकटी कुठे, ताई? आज वर्गात तुम्ही दोघी होतात की."
चहा तसाच टाकून त्या गेल्या.

पुढच्या गुरुवारपासून तो तास मॅपवर्कला. अमेरिका खलास.
वर्गाला वाटलं, सिलॅबस संपवायचा असेल.

हे आजवर कुठे लिहिलं नाही. सांगायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं होतं. आज त्यांच्या मुलाने निधनाची बातमी बुद्धाच्या फोटोखाली दिली आहे. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

त्यांची भीती आज मला कळते. व्हिसा, नोकरी, स्टाफरूम. सगळं कळतं.
तरी माफ करता येत नाही.
अमेरिकेतल्या आयांबद्दल बोलताना त्यांचा आवाज कापायचा. स्वतःच्या आईला मात्र त्यांनी वर्गात नाकारलं.

मावशी, तुमच्या आईचं नाव काय होतं, ते विचारायचं राहून गेलं.

मनापासून आदरांजली.
आधी त्यांना. मग तुम्हाला.