मताचा रकाना

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवते. सकाळच्या पहिल्या बॅचला फळ्यासमोर उभी राहिले की माझं ठरलेलं वाक्य असतं: आधी प्रश्न पूर्ण वाचा, मग पेन उचला. पोरं मागच्या बाकावर माझी नक्कल करतात. करू देत. ज्या बाईनं अख्ख्या गावाला न वाचता पेन उचलायला लावलं, तिची नक्कल कुणीतरी करायलाच हवी.

माझं गाव जळकोट तालुक्यात आहे. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे, गायरान. नव्या माणसाला नेऊन दाखवला तर तो म्हणेल, यात काय बघायचं, दगड आणि कुसळं. सरकारी कागदात त्याला पडीक म्हणतात. त्या पडीक माळावर गावाची जनावरं चरतात, आमच्या वस्तीच्या शेळ्या चरतात, आणि खालच्या विहिरींना पाणी पुरवणारा ओढा तिथूनच निघतो. टिटवी उघड्यावर दगडासारखी अंडी घालते आणि तरी ती कुणाला सापडत नाहीत, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी तिथं पाहिलं. माझं पहिलं बायोलॉजी त्या माळानं शिकवलं, आणि ते दोन मार्कांचं नव्हतं.

हा माळ खडीसाठी द्यायचं वर कुठंतरी ठरलं. रस्त्यांना खडी लागते, खडीला दगड लागतो, आणि दगड काढायला नेहमी गरिबाच्या दारातलाच डोंगर सापडतो. शेजारच्या तालुक्यात अशी एक खाण आम्ही बघून आलो होतो. तुरीच्या पानांवर पिठाच्या गिरणीत बसते तशी धूळ, सुरुंगानं तडकलेल्या भिंती, आणि विहिरीत दोरी सोडली तर खाली नुसता खडखडाट. परवानगीच्या आधी गावात सुनावणी घ्यावी लागते. नोटीस पंचायतीच्या दाराला चिकटली तशी मी रजा टाकून गावी आले.

घरोघर फिरले. आधी आमच्या बौद्ध वस्तीत, मग वरच्या आळीत. वरच्या आळीत देवणी जातीची जनावरं राखणारे एक शेतकरी आहेत, त्यांना मी मामा म्हणते. त्यांच्या ओसरीवर मला घरच्या कपबशीत चहा मिळतो. माझ्या वडिलांना तो मिळत नव्हता, आणि हे मामांनाही ठाऊक आहे. आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही. त्यांच्या गायी आणि आमच्या शेळ्या एकाच माळावर चरत आल्या आहेत, त्यामुळे निदान माळाबद्दल तरी आमचं लगेच जमलं.

मामा म्हणाले, "बाई, बोलायला आमी बोलताव. पर बोलल्यालं टिकतंय का?"

मी म्हणाले, "म्हणूनच सही करायची, मामा. सहीशिवाय सरकारला माणूस दिसत नाही."

हे वाक्य मी आईकडून उचललं होतं. आईनं तरुणपणी रोजगार हमीच्या कामावर दगड फोडले. हजेरीला अंगठा लावायची, आणि शाई पुसायला मुकादम चिंधीसुद्धा द्यायचा नाही. शाळेत शिकवलेलं मी घरी आले की तिला पाटीवर काढून दाखवायची. चौथीत असताना मी तिला तिचं नाव लिहायला शिकवलं. त्या दिवसापासून तिनं कुठंही अंगठा लावला नाही. बँकेत, रेशनच्या दुकानात, मागं कितीही रांग असली तरी ती एकेक अक्षर जोडून पूर्ण नाव लिहिते. रांग थांबते. मी पुढची अक्षरं शिकवते म्हणाले, तर म्हणाली, मला एवढंच लागतंय.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. मांडव होता, माईक होता, ठेकेदाराकडून पोहे होते. गाव असं बोललं की मला भरून आलं. मामांनी तर सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबाला सरळ विचारलं, "तुमची खडी खाऊन माझी गाय दूध दील का?" साहेब हसले, लिहून घेतोय म्हणाले. मग एक कारकून वही घेऊन रांगेतून फिरू लागला. लोक माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची, लोक सही करायचे.

आईची पाळी आली तेव्हा कारकुनानं ओळीवर बोट ठेवलं. "आजी, इथं. एका ओळीत लिहा, खालवर जाऊ देऊ नका." आईनं ओठ मुडपून नाव लिहिलं. एकही अक्षर ओळीबाहेर गेलं नाही. तिनं वर बघितलं तेव्हा मी मोबाईलवर तिचा फोटो काढला, इतकी मी खूश होते.

काही महिन्यांनी परवानगी आली.

आधी वाटलं, चुकून आमच्या गावाचं नाव पडलं असेल. पण तेवढ्यात नांदेडला अशाच गावांची एक बैठक भरली. कंधार, मुखेड, देगलूरकडची माणसं आली होती. कुणाचा डोंगर गेला होता, कुणाच्या नदीतली वाळू. सगळ्यांची एकच तक्रार: सुनावणीत विरोध केला, तरी मंजुरी आली. परवानगी देणारी समिती राज्याची, मुंबईत बसते. मग आम्ही सातआठ जण लातूरहून गाडीत बसलो आणि गेलो.

तिथले अधिकारी फार सभ्य होते. पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. मग फाईल उघडून म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावाची तर सहमती आहे."

त्यांनी पान माझ्यासमोर फिरवलं. वर लिहिलं होतं, खालील ग्रामस्थ उपस्थित होते, त्यांची प्रकल्पास हरकत नाही. खाली मामांची सही, सरपंचांची सही, माझ्या चुलत्यांची सही. आणि खालून तिसऱ्या ओळीत, ओळीच्या बरोबर मधोमध, माझ्या आईचं नाव.

तो मजकूर त्या दिवशी वर होता की नंतर कुणी लिहिला, मला सांगता येत नाही. जागा कोरी होती की भरलेली, हे मी बघितलंच नाही. बघितलं नाही, ही माझी चूक, आणि ती मी कुणाच्या माथी मारणार नाही. वर्गात पोरगं हजर आहे म्हणजे त्याला धडा समजला, असं मी आजवर कधी मानलं नव्हतं. पण हजर आहे म्हणजे कबूल आहे, असं कुणी मानू शकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गावी आल्यावर मामांना सांगितलं. ते गायीच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "तुमी म्हणलाव म्हणून केली, बाई. आता पुढं काय ते बी तुमीच सांगा." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आईनं विचारलं, "माझं नाव हाय त्यात?"

"हाय."

"माळ घ्या म्हणून?"

"हाव."

"आतापस्तोर माझी सही कंदी खोटी पडली न्हवती," ती म्हणाली. मला त्या खाणवाल्याचा इतका राग आला नाही जितका त्या एका पानाचा आला. माळ गेला तर लढून परत मागता येईल. पण आईची सही खोटी पाडून कुणी मजेत राहावं, हे मी चालू देणार नव्हते.

मग आमची मागणी ठरली, आणि ती एवढीशीच होती. सुनावणीच्या वहीत क्रमांक, नाव, सही यांच्या जोडीला मताचा एक रकाना द्या. आणि वहीच्या डोक्यावर काय लिहिलंय ते सहीच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवा. नांदेडहून ही मागणी विदर्भात गेली, कोकणात गेली. लोकांनी आपापल्या गावच्या वह्यांच्या नकला पाठवल्या. गावं वेगळी, नद्या वेगळ्या, डोंगर वेगळे, पानं तीच. आम्ही मुंबईच्या मैदानात रकाने आखलेल्या कोऱ्या वह्या घेऊन बसलो. एका पत्रकारानं विचारलं, एवढ्या लांबून येऊन तुम्ही नुसता एक रकाना मागता? मी म्हणाले, हो, आमचा माळ त्याच रकान्यावाचून चाललाय. आमच्या क्लासचे संचालक विदर्भातले, ते म्हणाले, मॅडम, आंदोलन करून राहिले तुम्ही की सिलॅबस? मी म्हणाले, सिलॅबस कधीच संपवलाय, तुम्ही वह्या तपासा. वाचून तपासा.

या काळात आई माझ्याकडे लातूरला राहायला आली. एका दुपारी मी टेस्टचे पेपर तपासत होते, ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "मला आनखी दोन अक्षरं काढून दे."

"कोणती?"

"नको."

मी एका पेपराच्या पाठीवर मोठ्या अक्षरात काढून दिलं. तिच्या नावात 'न' नाही, 'क' नाही, मात्रा नाही. सगळं पहिल्यापासून. पोरांच्या पेपरांच्या पाठी तिनं 'नको'नं भरून टाकल्या. तसेच पेपर मी वर्गात वाटले. एका पोरानं विचारलं, मॅडम, हे माझ्या उत्तराला म्हणलंय का? मी म्हणाले, नाही रे बाबा, तुला नाही.

रकाना अजून मिळालेला नाही. बाब विचाराधीन आहे, असं पत्र आलंय, आणि आम्हीही ते पत्र विचाराधीन ठेवलंय. पण इतके अर्ज, इतक्या नकला गेल्यावर आमच्या गावची सुनावणी परत घ्यायचा हुकूम निघाला. ती झालीही, तिचा निर्णय यायचाय. विरोधात गेला तर पुन्हा वर जाऊ, मुंबईचा रस्ता आता पाठ झालाय. तोवर माळावर सुरुंग लागलेला नाही.

दुसऱ्या सुनावणीत पोहे कुणी खाल्ले नाहीत. वही आली तशी मामा उठले. "आधी वरलं वाचून दावा." कारकुनानं वाचलं, उपस्थितांची यादी. "आनखी एकदा, मोठ्यानं." त्यानं पुन्हा वाचलं. रकाने तेच होते: क्रमांक, नाव, सही. मामांनी सहीच्या अलीकडे, जागा नव्हती तिथं, दाटीवाटीनं लिहिलं, विरोध आहे. मागच्यानं तेच केलं. त्याच्या मागच्यानंही. कारकून साहेबांकडे बघू लागला, आणि साहेब मांडवाच्या छताकडे.

आईची पाळी आली. तिनं वही स्वतःकडे ओढली, आणि नाव लिहायच्या आधी 'न' काढला. तोच दोन ओळी खाऊन गेला. 'क' तिसऱ्या ओळीत उतरला.

"आजी, एका ओळीत लिहा," कारकून म्हणाला.

आईनं मान वर केली नाही. मात्रा द्यायची राहिली होती.

"मागल्या खेपंला एकाच वळीत लिव्हलं हुतं," ती म्हणाली.