हार्डकोर ओळखायला पूर्णगडला

माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, मला, निवृत्त मराठी मास्तराला, न्यायाधीश नेमलं तेव्हा मी निमूटपणे आंबोळी खात होतो. त्याची मुलगी अनघा पूर्णगडजवळच्या आमच्या आंब्याच्या शेडमध्ये, हंगाम नसताना, दर रविवारी दुपारी आठ-दहा मित्रमैत्रिणी जमवून हार्डकोर, म्हणजे यंत्रावरचं भरधाव ठोक्यांचं नाचाचं संगीत, वाजवते. दादाच्या मते ते संगीतच नव्हे. "तू ऐकून ये. संगीत नसेल तर शेडला कुलूप," तो म्हणाला. अनघाला दुसरी जागा नाही. एवढ्या आवाजाला गावात भिंत देणार कोण? मी ठरवलं, निकाल द्यायचा तर प्रकरण समजून घेऊनच द्यायचा.

जाणाऱ्यांसाठी: रत्नागिरीहून पावसमार्गे एसटी घ्यावी आणि उजवीकडची खिडकी धरावी, समुद्र तिथेच आहे. पुढे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, सावली नाही, तेव्हा टोपी हवी. पावसला घावन आणि उसळ मिळाली; शंभराच्या नोटेत एक माणूस तृप्त होतो, दोघे असाल तर एकाने उपास करावा.

शेडचा पत्रा लांबूनच थरथरताना दिसला. अनघाने स्वागत केलं ते परीक्षेनेच. "काका, हे गॅबर. हॉलंडचं. प्रत्येक ठोका मुद्दाम फाटलेला."

मला ते ताबडतोब आवडलं. सगळे गुरू, लघू औषधालाही नाही, थेट विद्युन्माला वृत्त! मग दुसरा तुकडा लागला.

"हेही गॅबरच," मी आत्मविश्वासाने म्हणालो.

"हॅपी हार्डकोर, काका! पियानो ऐकू येत नाही? एवढी गोड गाणारी मुलगी?"

"मुलगी आहे होय? मला वाटलं, यंत्र बिघडलंय. वेग तर तोच."

"न आणि ण एकच म्हणणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?"

जे म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी एक रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसलो आणि पुन्हा लाव म्हणालो. तीनदा चुकलो.

शेडची राखण करणारे धोंडूतात्या शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवतात. ते दारातून म्हणाले, "भाऊ, कानान् काय ऐकताव? पाय बगा. ह्याला पाय वायला पडतोय, त्याला वायला."

वायला म्हणजे वेगळा. मी पाय बघू लागलो. गॅबरला पोरं जमीन तुडवत होती, टाचा भराभर आलटूनपालटून, हात खाली. हॅपीला तीच पोरं हात वर करून उड्या मारत होती. पुढचं आलं ते ब्रेककोर: ढोलाच्या ओळीचा पदच्छेद करून तुकडे भलत्याच क्रमाने लावलेले, तरी अन्वय लागत होता! पाय मात्र अडखळत होते, आणि अडखळण्यातच मजा होती. शेवटी स्पीडकोर. ठोके इतके जवळ आले की त्यांचा संधी होऊन नुसती घरघर उरली. पाय थांबले. पोरं उभी राहून हसत होती.

"ह्याला पालकी नाचवता येयाची नाय," तात्यांनी शेरा दिला.

"म्हणूनच ते शेवटी लावते," अनघा म्हणाली. मग तिने उलटसुलट सहा तुकडे लावले. मी सहाही ओळखले. ती हसली नाही, तिने फक्त विचारलं, "बाबांना काय सांगणार?"

संध्याकाळच्या गाडीने परतलो. कान दुसऱ्या दिवशीपर्यंत भरलेले होते. कापूस न्यावा, हा व्यवहारी सल्ला. स्पीडकोर मला अजूनही आवडत नाही. पण आता न आवडण्याचं कारण सांगता येतं, आणि या वयात एवढी कमाई पुष्कळ झाली.

दादा पडवीत वाटच पाहत होता. "काय, आहे का संगीत?"

"कोणतं?"

"कोणतं म्हणजे?"

"तिथे चार आहेत. चौघांना मिळून एक शिक्षा नाही देता येत."

"मला सगळी सारखीच वाटतात."

"मलाही वाटत होती. चार वेगळी ओळखून दाखव, मग खुशाल कुलूप लाव."

दादाने पंच्याने मान पुसली. मग म्हणाला, "रविवारी पूर्णगडची गाडी कितीला?"