मदत न करणारा साडू

मदत न करता उपयोगी पडणारा जगात एकच माणूस मी पाहिला आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. लोकांचे साडू लग्नात रुसतात, टॉवेल-टोपी कोणाला भारी मिळाली यावरून वर्षभर धुमसत राहतात. आमचा साडू कशावरच रुसत नाही. तो फक्त पाहतो. तुम्ही दार ढकलता की ओढता, नळ कोणत्या बाजूला फिरवता, पंखा लावायला गेल्यावर आधी दिवा लागतो की नाही, हे सगळं तो एका कोपऱ्यात अंग चोरून बसून पाहतो. आणि तुम्ही चुकलात की त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरतं की पहिल्या भेटीत कोणालाही त्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटतात. मलाही वाटलं होतं, पण नव्या जावयाला मारायची आपल्याकडे पद्धत नाही.

त्याचा धंदा काय, हे जानेफळला, म्हणजे आमच्या सासुरवाडीला, समजायला बरीच वर्षं गेली. पुण्यातली एक कंपनी मोबाईलवरची ॲप बनवते. ती साध्या माणसाला वापरता येतात का, बोट कुठं अडतं, डोकं कुठं फिरतं, हे लोकांशेजारी बसून पाहायचं आणि मग ती सोपी करायची, हे याचं काम. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, "करता काय जावईबुवा तुमी?" हा गडी मूळचा धाड गावचा, आडपडदा ठाऊक नाही. म्हणाला, "लोकं कुठं अडकतात ते पाहतो." सासऱ्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. "पोरगा ट्राफिक पोलिसात हाये. सरकारी हाये," म्हणाले. त्या आनंदात लग्न उरकलं, आणि खरं काय ते कळेपर्यंत धाकट्या मेव्हणीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, पोराची पाचवी पूजली गेली होती. सासऱ्यांना अजून मधूनच वाटतं की बदली होऊन तो पुन्हा चौकात उभा राहील.

माझं डोणगावला बी-बियाण्याचं दुकान आहे. एकदा हा भेटायला आला आणि सवयीप्रमाणे खताच्या पोत्यावर बसून राहिला. तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं मोबाईलवरून पैसे द्यायला फोन काढला आणि तो नुसताच इकडून तिकडं फिरवू लागला. मी मदतीला उठलो तर यानं माझा सदराच धरला. "थांबा ना भाऊ, पाहू द्या." मी थांबलो. गिऱ्हाईक घामाघूम झालं, आणि शेवटी त्यानं भिंतीवरचा चौकोन सोडून तुरीच्या पिशवीवरचा चौकोन टिपला. पैसे काही आले नाहीत, तुरीची माहिती मात्र आली. मी हसलो. हा हसला नाही. "मानूस नाही चुकला भाऊ. तुमचे दोन्ही चौकोन एकसारखे हायेत. भिंत चुकली," म्हणाला, आणि माझ्या भिंतीवर माझ्याच लाल रंगानं हातभर बाण काढून गेला. दुकानाची शोभा गेली. तेव्हापासून कोणी चुकत नाही हे खरं, पण मी ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

घरात तर त्याच्याबरोबर राहायला वेगळं काळीज लागतं. मेव्हणी एकदा माझ्या बायकोजवळ रडकुंडीला आली होती. "माय वं, यानं सैपाकघरातले डबे बदलले, अन् मीठ कुठं ठेवलं ते सांगून नाही राह्यला. मी कुठं कुठं शोधतो ते खुर्ची टाकून पाहून राह्यला." भाजी अळणी झाली ती झालीच. वर त्यानं जेवताना मनापासून सांगितलं की मीठ आपण ठेवतो तिथं नसतं, हात जिथं आधी जातो तिथं असतं. मेव्हणीनं त्याच्या ताटात मीठ वाढलं ते आमटीच्या पळीनं.

पण त्याचा खरा थाट पाहावा तो कागदाच्या मोबाईलचा. ॲप बनवायच्या आधी तो ते कागदावर काढतो. बुटाच्या खोक्याला खिडकी पाडायची, तिच्यात एकेक चित्र सरकवायचं, समोरच्यानं कागदावरचं बटण बोटानं दाबायचं, आणि यानं मागून पुढचा कागद सरकवायचा. म्हणजे मोबाईल हाच. हे खोकं घेऊन एकदा तो धाडच्या बाजारात बसला, मीही सोबत होतो. भाजीवाल्या बायांना भाव पाहायचं ॲप करायचं होतं. पहिल्या बाईनं बोट ठेवलं, यानं कागद काढला, दुसरीनं ठेवलं, यानं दुसरा काढला, आणि बघता बघता ही गर्दी. एक म्हातारबा गर्दीत घुसून उकिडवे बसले आणि हात पुढं करून म्हणाले, "पोपट कुठं हाये? असू दे. माह्या नातीचं लगन कधी जमन ते काढ." मी म्हटलं आता तरी हा बोलेल. हा शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमाले काय वाट्टे, कोनतं बटन दाबावं?" बाबांनी विचार करून टोमॅटो दाबला. टोमॅटोचा भाव पाहून ते खूश झाले आणि दिवाळीनंतर जमणार असं स्वतःच ठरवून निघून गेले.

असा हा माणूस. त्याच्यावर मी मरेपर्यंत हसलो असतो, पण मागच्या वर्षी आमच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. या बाईची वाचा म्हणजे काय होती, हे जानेफळच्या त्या आळीला विचारा. गड्यापासून सुनेपर्यंत आणि दूधवाल्यापासून सासऱ्यांपर्यंत सगळं घर त्यांच्या आवाजावर चालायचं. फक्त आम्हा जावयांशी त्या थेट बोलायच्या नाहीत. आम्ही दिसलो की पदर सावरायचा, नजर खाली, आणि आत हाक जायची, "पाव्हन्याईले च्या दे." तीच बाई आता पलंगावर पडून होती, डोकं शाबूत, कान शाबूत, आणि सगळे तिच्याशी लहान लेकराशी बोलावं तसे मोठ्यानं, तुकड्या-तुकड्यांनी बोलत होते. थोड्या दिवसांत त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवण कमी झालं. डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन म्हणाले, "बोलणं येईल, न येईल. पण त्यांनी मनातून सोडून दिलं तर औषध काय करणार?" माझी बायको त्या दिवशी परत येताना सबंध रस्ता रडत होती.

दवाखान्यानं चित्रांचा एक तक्ता दिला होता. त्यावर लिहिलेलं, "मला तहान लागली आहे." सासूबाईंनी तो तक्ता भलत्याच घरची लग्नपत्रिका पाहावी तसा पाहिला आणि डोळे मिटले.

तेव्हा साडूनं कंपनीला सांगितलं की मी घरून काम करतो, आणि घर म्हणून तो जानेफळला येऊन राहिला. जावई सासुरवाडीला मुक्काम ठोकतो म्हटल्यावर गावाला विषय मिळाला. "धाकले जावई आले, पन जाऊन नाही राह्यले," असं पारावर चाललं. सासरे अवघडले. सुनेला दिवसभर डोक्यावर पदर ठेवावा लागे, ती वेगळीच वैतागली. यानं आपली टॅब आणली, तिच्यावर डाव्या हाताच्या बोटानं दाबता येतील अशी मोठी बटणं केली. पाणी, चहा, दुखून राह्यलं, हाव, नाही. दाबलं की आतून मेव्हणीचा आवाज यायचा. टॅब पलंगाशी लावून हा दारापाशी पाहत बसला, आणि सासूबाईंनी एका बटणाला बोट लावलं नाही. दिवसच्या दिवस गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला खचलेलं पाहिलं. "माह्यंच चुकून राह्यलं भाऊ, पन कुठं ते दिसून नाही राह्यलं," एवढंच म्हणाला.

मग एके दुपारी शेजारची बाई तब्येत पाहायला आली. आम्ही सगळे तिथंच होतो. ती टेकली न टेकली तोच सासूबाईंचं बोट हललं आणि टॅब म्हणाली, "चहा." घरात दिवाळी झाली. सून पळत गेली, चहा केला, बशीत ओतून सासूबाईंच्या तोंडाशी धरला. त्यांनी तोंड फिरवलं आणि पुन्हा दाबलं, "चहा." सुनेनं फुंकर घालून पुन्हा बशी धरली. पुन्हा तोंड फिरवलं, पुन्हा "चहा", आणि शेवटी डाव्या हातानं बशी अशी भिरकावली की चहा भिंतीवर. सासरे खाली मान घालून म्हणाले, "आता डोक्सं बी गेलं वाट्टे हिचं." माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

दारातून साडू म्हणाला, "त्याईची नजर पाहा ना कोनीतरी." सासूबाई शेजारणीकडे पाहत होत्या. "त्याईले नाही पाहिजे च्या. पाहुनीले द्या म्हनून राह्यल्या."

सुनेनं दुसरा कप आणून शेजारणीच्या हातात दिला, तेव्हा कुठं सासूबाईंनी उशीवर डोकं टेकलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शेजारणीच्याही, आणि माझ्या डोळ्यांचं मी कशाला लपवू.

त्या संध्याकाळी साडू अंगणात येरझारा घालत होता. "आपन पेशंटसाठी बटनं केले भाऊ," तो म्हणाला. "सारे मागायाचे बटनं. या बाईनं जिंदगीत कोनाले काही मागतलं का? तिनं दिलं, अन् साऱ्याईले जाब विचारला. जाबाचं बटनच नाही आपल्यापाशी." आणि त्यानं माझ्या बायकोचा फोन मागितला. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या पोरींना मोबाईलवर बोलून निरोप पाठवायच्या, आणि बायकोनं त्यातला एकही पुसला नव्हता. प्रत्येक निरोपाची सुरुवात एकच. "काऊन वं, फोन नाही केला?" "काऊन वं, येऊन नाही राह्यली का?" त्यातलं "काऊन", म्हणजे आपलं "का", त्यानं जाबाच्या बटणासाठी कापून घ्यायचं ठरवलं. पण बायका-पोरींना लावायचं ते "वं" त्याला असं चिकटलेलं की निघेना. कापलं की मागे नुसतं "काऊ" उरायचं, चिमणीची गोष्ट सुरू झाल्यासारखं. दोन दिवस खटपट करून त्यानं हात टेकले. बटण "काऊन वं?" असंच झालं, आणि समोर बाई असो की बाप्या, सगळ्यांना पोरीसारखंच विचारू लागलं.

पहिला मान सासऱ्यांना मिळाला. बायको बोलत नाही म्हणून त्यांनी सोडलेली तंबाखू हळूच पुन्हा धरली होती. ते खोलीत आले, खिशात हात घातला, आणि पलंगावरून सासूबाईंचा स्वतःचा, खणखणीत, जुना आवाज आला, "काऊन वं?" सासरे दचकून उभे राहिले, पुडी खाली पडली. मग तोंड झाकून रडू लागले आणि रडता रडता म्हणाले, "नाही खात आता, नाही खात."

त्या दिवसापासून घर पुन्हा चालू लागलं. दूध उशिरा आलं, "काऊन वं?" सून माहेरी निघाली, "काऊन वं?" तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं तर त्यांनाही तेच, आणि त्या धिप्पाड माणसानं स्टूल ओढून बसून मिठाची सगळी हकीगत पहिल्यांदा सासूबाईंना सांगितली, आम्हाला नाही. सासूबाई जेवू लागल्या. भिंतीकडचं तोंड दाराकडे झालं.

आणि मग कंपनीनं सगळ्यांना परत ऑफिसात बोलावलं. साडू निघाला त्या सकाळी मेहकरची जीप दारात उभी होती. तो पाया पडला. एरवी सासूबाईंची नजर खाली गेली असती. त्या दिवशी गेली नाही. त्यांनी सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. "काऊन वं?"

"कंपनीनं बलावलं, मामी."

"काऊन वं?"

"पोराची शाळा हाये तिकडं."

"काऊन वं?"

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. आमचा साडू पलंगाच्या काठावर बसला. ते "वं" चुकून राहिलेलं नव्हतं आता, सासूबाई त्याला पोटच्या पोरीसारखंच विचारत होत्या, हे त्याला कळलं आणि मलाही. "मले बी नाही जावं वाटून राह्यलं, मामी," तो म्हणाला. "दर महिन्याले येतो. पक्कं." सासूबाईंनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग बोट सरकवून "हाव" दाबलं. तो डोळे पुसत जीपमध्ये चढला.

तो शब्दाला पक्का आहे, दर महिन्याला येतो, आणि आला की त्याला जाब द्यावा लागतो. मी तर जवळचा, दर रविवारी जातो. मला पाहिलं की सासूबाई डाव्या हातानं पदर सावरतात, नजर खाली करतात आणि बटण दाबतात, "चहा." मोठ्या जावयाचा मान आहे तो, मला कळतं. मी चहा घेतो, थोडं बसतो, आणि उठल्यावर दारात जरा रेंगाळतो. मलाही कोणी विचारावं, काऊन वं, निघाली का एवढ्यात.