मधली यशोधरा

यशोधरा आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नव्वद सालच्या आसपास ती नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एक्स्चेंज म्हणजे कौलारू इमारतीतल्या दोन खोल्या. आतल्या खोलीत एक लाकडी बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा आणि खाली पिना लावलेल्या दोऱ्या. गावात कुणी फोनची मूठ फिरवली की बोर्डावर त्याच्या नावाचं झाकण खट्कन पडायचं. आत्या तिथं पीन खोचायची आणि म्हणायची, "बोला."

नंबर फारसं कुणी सांगत नसे. डॉक्टरांना लाव, माझ्या मेव्हण्याला लाव, एवढ्यावर भागायचं. कुणाचा मेव्हणा कोपरगावला आणि कुणाचा राहुरीला, हे आत्याला ठाऊक असे. 'बोला' म्हटल्यावर पलीकडून नुसता खाकरा आला तरी माणूस कोण ते ती ओळखायची. तारेत खरखर वाढली की म्हणायची, श्रीरामपूरच्या बाजूला पाऊस धरलाय. बहुतेक वेळा ते खरं निघे.

आमचे आजोबा उसाच्या मळ्यांतून मजुरी करत. काही घरांत त्यांना ओट्याखालीच थांबावं लागे. त्याच घरांत आता सकाळी पहिला आवाज त्यांच्या लेकीचा जायचा. आजोबा हे कधी बोलून दाखवत नसत, पण तिला डबा द्यायला आले की बोर्डामागच्या बाकावर उगाच बसून राहत.

गावाबाहेर मळ्यात झुंबरबाई राहायच्या. नवरा मागेच वारला होता. पाटाचं पाणी वर्षानुवर्षं उसाला सोडून त्यांचं रान चोपण झालं होतं. उन्हाळ्यात मातीवर मिठासारखा पांढरा थर यायचा, ऊस पिवळा पडायचा. शेवटी त्यांचा मुलगा गहिनीनाथ पुण्याला एका कारखान्यात लागला. जाताना त्यानं खटपट करून आईसाठी घरी फोन घेतला. झुंबरबाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांनी मूठ फिरवायची आणि म्हणायचं, "यशोधरे, माज्या पोराला लाव." बाकी आत्या बघायची. पुण्याची लाइन मिळेपर्यंत दोघी बोलत बसायच्या. गहिनीनाथ घरमालकाच्या फोनवर यायचा, तोवर घरातलं सगळं बोलून झालेलं असे.

चौऱ्याण्णव साली नवं एक्स्चेंज आलं. शेजारच्या खोलीत एक कपाट बसवलं, वातानुकूलन यंत्र लावलं आणि आत जाताना चपला बाहेर काढायचा नियम झाला. मुठीचे फोन गेले, बटणांचे आले. आता ज्यानं त्यानं आपला नंबर आपण लावायचा. बोर्ड भिंतीपासून सुटा करून बाहेर नेला. आत्याला तक्रारीच्या टेबलावर बसवलं. पुढे कितीतरी दिवस बोलता बोलता तिचा उजवा हात दोरी ओढायला पुढे जायचा आणि टेबलाच्या कडेवर थांबायचा.

गाव मात्र भराभर बदललं. दुकानदारांनी भिंतीवर खडूनं नंबर लिहिले. ज्यांना स्वतःच्या बैलांची वयं सांगता येत नसत, ते दहा-दहा आकडे धडाधड म्हणू लागले. आत्या कौतुकानं म्हणायची, एवढी जागा यांच्या डोक्यात होती तरी कुठे?

आणि एके दिवशी दुपारी झुंबरबाई मळ्यातून चालत एक्स्चेंजवर आल्या. पदरानं तोंड पुसलं, पाणी प्यायल्या. आत्यानं तीनदा विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "माज्यावं रागावलीस व्हय गं? रोज उचलते, हाका मारते. तू नुसती घुंऽऽ करून गप बसतीस."

त्या इतके दिवस डायल टोनशी बोलत होत्या. फोन बसवणाऱ्यानं आकडे दाबायचे असं सांगितलं होतं, पण आत यशोधरा नाही हे कुणी सांगितलंच नव्हतं. आत्यानं त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग आता आमच्यासारख्यानं काय करायचं?"

पुढच्या रविवारी आत्या मळ्यात गेली, मला बरोबर घेऊन. तिनं आकडे शिकवायला घेतले. एक म्हणजे काठी, दोन म्हणजे बदक. झुंबरबाई मान डोलवायच्या आणि पुन्हा विचारलं की तिसरंच बोट दाखवायच्या. संध्याकाळपर्यंत दोघी थकल्या. झुंबरबाई उठून दारातली रांगोळी झाडू लागल्या, आणि आत्या त्या ठिपक्यांकडे बघत राहिली.

तिनं रांगोळीचा डबा मागितला. तीन ठिपक्यांच्या तीन ओळी काढल्या आणि खाली मधोमध एक एकटा ठिपका. फोन आणून शेजारी ठेवला. आकड्यांची बटणंही तशीच होती. मग आकड्यांची नावं न घेता ती म्हणाली, "मावशी, हा खालचा एकटा. तिथनं वर या. मग आडवं जा. आता कोपरा." पुण्याचा सगळा नंबर तिनं बोटानं ठिपक्यांवरून फिरवून दाखवला. झुंबरबाईंनी एकदा पाहिलं, आणि दुसऱ्यांदा त्यांचं बोट बरोबर फिरलं.

फोनवर मात्र पहिल्यांदा चुकलं. पुण्यातल्या कुण्या अनोळखी बाईंनी उचलला. झुंबरबाईंनी त्यांच्याकडं पाऊसपाणी कसंय ते विचारून घेतलं आणि बेतानं ठेवला. दुसऱ्या वेळी घरमालकांनी गहिनीनाथला हाक मारली.

"मी लावला," झुंबरबाई म्हणाल्या. "यशोधरानं न्हाई. म्या लावला."

मग झुंबरबाई हसत डोळे पुसू लागल्या. आत्या उठून बाहेर आली आणि पाटाच्या कडेला उभी राहिली. मला म्हणाली, "यांचं बोलणं चालू असताना मी पहिल्यांदाच मध्ये नाही बघ." तिला बरं वाटलं की वाईट, हे तेव्हा मला कळलं नाही. ती पाण्याकडं बघत होती, एवढं आठवतं.

दोन वर्षांनी गहिनीनाथनं खोली बदलली, नंबर बदलला. नवी वाट झुंबरबाईंना एका बैठकीत आली, पण बोट अर्ध्यावर जुन्या वाटेनं वळायचं. दिवाळीपर्यंत बिचाऱ्या जुन्या घरमालकांनाच फोन लागत राहिला. आत्याचं उलटं झालं. तिच्या कानातले आवाज हळूहळू निघून गेले. एकदा श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर मागून कुणी तिला नावानं हाक मारली. ती वळली, चेहरा बघितला, मगच ओळख पटली. घरी आल्यावर म्हणाली, "कान चांगले आहेत गं माझे. त्यांना काम राहिलं नाही." त्या दिवशी ती नीट जेवली नाही.

गहिनीनाथनं आईला पुण्याला नेण्याचा फार आग्रह केला. त्या गेल्या नाहीत. रानात खोल चर काढून साठलेलं पाणी बाहेर काढलं तेव्हा एका तुकड्यात जनावरांचा घास उगवला. त्यावर दोन म्हशी पाळून त्या तिथंच राहिल्या.

नव्व्याण्णव साली आत्याची बदली नगरला झाली आणि ती केडगावला राहायला गेली. सुट्टीत मी तिच्याकडे होते. सकाळी फोन वाजला. आत्यानं उचलला, थोडं ऐकलं आणि पायानं स्टूल ओढून बसली. झुंबरबाई होत्या. केडगावचा नंबर त्यांनी शेजारच्या कडूबाईच्या सुनेकडून ठिपक्यांवर काढून घेतला होता. काम काहीच नव्हतं. म्हैस व्याली होती, गुडघा दुखत होता, आत्या जेवते का वेळेवर, एवढंच विचारायचं होतं.

गॅसवरचं दूध उतू गेलं. मी धावत जाऊन बंद केलं. आत्यानं नुसता हात हलवला आणि बोलत राहिली. इतकी वर्षं ती लोकांच्या बोलण्याच्या मध्ये बसली होती. आज कुणीतरी तिच्याशीच बोलायला फोन केला होता, आणि तिला घाई नव्हती.