झिंग्यांची पट्टी आणि मामांचा रिपोर्ट

बेंबळी गावात समुद्र नाही, हे मला झिंगे पाळायच्या आधीपासून माहीत होतं. पण आमच्या बोअरचं पाणी इतकं खारट, की ऊससुद्धा करपायचा. मग शेततळं करून त्यात झिंगेच सोडले. (गाव हसलं. गावाला तेवढंच काम!)

माल भरत आला आणि चार-दोन झिंगे सुस्त होऊन काठाला आले. रोग असला तर बघता बघता सगळं तळं साफ. म्हणजे उद्याच माल काढून विकायचा. नसला तर अजून महिनाभर वाढवायचा. व्यापारी म्हणाला, "संध्याकाळपर्यंत सांगा, गाडी पाठवू का नको."

तपासायची सोय मात्र स्वस्त आणि सोपी. झिंगा औषधाच्या पाण्यात ठेचायचा, थेंबभर पट्टीवर टाकायचं. एक रेघ उमटली तर ठणठणीत, दोन उमटल्या तर रोग. सुस्त झिंगे डब्यात घालून मी फ्रिजमध्ये ठेवले आणि दोन पट्ट्यांचं पाकीट आणायला मोटरसायकलवर उमरग्याला पळालो.

परत आलो तर सास्तूरचे मामा ताटावर बसलेले, आणि घरभर मसाल्याचा घमघमाट.

"आई, डब्यातले झिंगे कुठंयत?"

"कालवणात! भाऊ आलाय माझा, त्याला काय पिठलं घालू?"

मीही शहाणाच! कालवणातला एक झिंगा उचलला, धुतला, ठेचला आणि पट्टीवर टाकला. पट्टी अशी लालभडक झाली, की रेघ कुठली आणि रस्सा कुठला कळेना.

"काय करतूस रं?" मामांचा घास हातातच राहिला.

"रोग हाय का बघतोय."

"रोग? मला व्हईल का?"

"न्हाय हो मामा! ह्यो झिंग्यांचा रोग हाय, माणसाला व्हत न्हाय."

"करोना बी चीनमधीच ऱ्हाणार हुता!"

उरलेली पट्टी घेऊन मी तळ्याकडं निघालो, तर मामा उष्ट्या हातानं दारात आडवे.

"आदी मला तपास!"

"मामा, एकच पट्टी उरलीय!"

आई पदर खोचून बाहेर आली. "माझ्या भावापरीस तुझे झिंगे लई मोठे झाले व्हय रं?"

संपलं! मामांनी चूळ भरली आणि औषधाच्या पाण्यात मनापासून थुंकले. आम्ही तिघं पट्टीवर डोकी घालून बसलो. उमटली एक रेघ.

"न्हाय ना रोग?"

"न्हाय."

"मग आक्का, राह्यलेलं वाढ की!"

मी कपाळाला हात लावला, तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन.

"आला का रिपोर्ट?"

"आला. निगेटिव्ह."

"झकास! झिंगे ठणठणीत म्हणायचे."

"झिंग्यांचा न्हाय ओ. मामांचा."

व्यापारी म्हणाला, "मग उद्या गाडीत मामांना भरू का?"

खोटं कशाला बोलू, 'भाव काय देता?' हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं!