तळ्याकडं आधी कोण जाणार

माझे चुलते रामहरी तात्या आयुष्यात कधी न बघितलेल्या जागेवर कुणाला घेऊन गेले नाहीत. मेंढरं होती तोवर ते आमच्या वाड्याचे कारभारी होते. वाडा म्हणजे आठ-दहा बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि पोरं, असं मिळून एक चालतं गाव. दिवाळी झाली की हे गाव जळोचीहून निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. पुढचा तळ कुठं टाकायचा हे ठरवायला कारभारी पहाटे एकटा पुढं जायचा. पाणी बघायचा, चारा बघायचा, वारा कुठल्या अंगानं येतो ते बघायचा, रानमालकाशी बोलणी करायचा. तो परत आला की बाकीचे हलायचे. मेंढरांमागं पुरुष, घोड्यांबरोबर बायका. माझी चुलती, कौसल्या काकी, तीसेक वर्षं अशी घोड्याचा दोर धरून चालत आली आणि तात्यांनी आधीच बघून ठेवलेल्या जागांवर पोचत राहिली.

पुढं कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊस झाला आणि चरायला रान उरलं नाही. मेंढरं विकली. तात्यांकडं थोडं रान, त्यात गहू-कांदा, आणि दावणीला एक म्हैस, एवढं राहिलं. पण दसरा झाला की त्यांचे पाय त्यांना घरात बसू द्यायचे नाहीत. काही काम नसताना ते चालत कोऱ्हाळ्यापर्यंत जाऊन यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "न्हाय, आपलं बघून आलो." काय बघून आले, ते कळायचं नाही.

मी तात्या-काकींजवळच राहायचो. डिप्लोमा करून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागलो, तेव्हा आमच्यात बिष्ट नावाचा एक फिटर होता. तो उत्तरेकडच्या पहाडातला, कुमाऊँचा, भीमतालजवळच्या एका खेड्यातला. बायको आणि तान्ही मुलगी घेऊन तो जळोचीत आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचा. चार वर्षांत त्याला मराठी चांगली यायला लागली होती. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर बसायचा आणि गावाची आठवण काढायचा. त्यांच्याकडं डोंगरात सात-आठ तळी आहेत, जवळजवळ. आणि तिथं चार ऋतू होतात, एकातून दुसरा स्पष्ट उलगडणारे.

"आमच्यात तीन," तात्या म्हणाले. "चौथा कुठला काढला तुमी?"

"थंडी गेली की बहार येते, तात्या. डोंगरावर मोठ्या झाडांना लाल फुलं येतात. मग उन्हाळा."

"उन्हाळा कसा?"

"तुमच्या हिवाळ्यासारखा."

आत काकी भाकऱ्या थापत होती, तो आवाज थांबला.

"उन्हाळ्याच्या शेवटाला पाऊस," बिष्ट म्हणाला. "आणि पाऊस उघडला की जे दिवस येतात ना, त्या दिवसांत वरच्या खिंडीत उभं राहिलं तर मागं बर्फाचे डोंगर दिसतात. पुसून ठेवल्यासारखे. मग परत थंडी."

आपल्या हिवाळ्यासारखा उन्हाळा. पुढं कित्येक दिवस हे शब्द आमच्या घरात फिरत राहिले. एप्रिलच्या दुपारी पत्रा तापला की काकी ओला पदर डोक्यावर घेऊन म्हणायची, "आता तितं काय चाललं आसंल?" मी तिला उंचीचं गणित सांगायचो, जसं वर जावं तशी हवा कशी थंड होते ते. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ते आसंल. पर तळ्यात झाडांची सावली पडत आसंल का?" त्याचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं.

तिथं जायचं असं तात्यांनी ठरवलं, ते चौऱ्याण्णवच्या दिवाळीत. ठरवलं म्हणजे चौकशी सुरू केली. बिष्ट कामावरून येऊन हातपाय धुतो न धुतो तोच तात्या हजर.

"तळ्याच्या कडंला दगूड हाय का चिखल?"

"थोडा चिखल आहे."

"मग खुरं कुजत्याली."

"तात्या, मेंढरं कुठं न्यायची आपल्याला?"

"न्हाय न्हाय, आपलं इचारतो. रातच्याला वारं कुठनं?"

"डोंगराकडून."

"आन् वाघ?"

"बिबट्या आहे."

"म्हंजी राखण लागंल," तात्या म्हणाले, आणि बिष्टची बायको हेमा दाराआड तोंडाला पदर लावून हसली.

पहिल्या वर्षी कांद्यानं अडवलं, दुसऱ्या वर्षी म्हशीनं. पण खरं अडवत होते ते तात्याच. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुलूख अनोळखी. आधी आपण एकट्यानं जाऊन बघून यायचं, मग पुढच्या साली हिला न्यायचं. मी म्हणालो, "तात्या, लोक नुसते जातात. आठ दिवस राहतात आणि परत येतात."

"आठ दिवसांत काय दिसतंय? चार ऋतू हायत म्हणतोस, आन् एकाचा चतकोर बघून माघारी यायचं?"

"मग वर्षभर राहणार?"

"तेच तर बघाया पायजे," तात्या म्हणाले.

काकी या चर्चेत कधी पडली नाही. तिला जायचं होतं हे आम्हाला माहीत होतं, पण किती जायचं होतं ते मला उजनीच्या पाण्यावर कळलं.

शहाण्णवच्या थंडीत तात्या एक दिवस म्हणाले, ते तळं बघू तेव्हा बघू, तोवर हिला आपल्याकडचं पाणी दाखवून आणू. आम्ही तिघं एसटीनं इंदापूरच्या बाजूला गेलो, रस्त्यावर उतरलो आणि उसातून चालत धरणाच्या फुगवट्याच्या कडेला आलो. सकाळ होती. पाणी इतकं निवांत होतं की पलीकडची बाभळ उलटी होऊन पाण्यात उभी होती. लांब उथळात गुलाबी-पांढरे पक्षी माना खाली घालून चालत होते. धुकं पाण्यावरून सरकत होतं आणि ते सरकताना सगळा किनाराच हळूहळू कुठंतरी निघाला आहे असं वाटत होतं. तात्यांनी काकीला एका सपाट दगडावर बसवलं. तिथं वारा लागत नव्हता, ऊन पाठीवर येत होतं.

"असंच हाय ते," तात्या म्हणाले. "फकस्त मागं डोंगूर धर."

काकीनं खरंच हात उचलून डोळ्यांसमोर धरला, बोटांची टोकं वर करून. पाण्याच्या पलीकडं बोटांचे चार-पाच डोंगर उभे राहिले. ती ते बघत बसली. मीही माझा हात धरून बघितला. मला हातच दिसला.

मग तिनं हात खाली घेतला आणि विचारलं, "हा दगूड तुमाला कसा घावला?"

तात्या पाण्याकडं बघत राहिले.

"अवो, इचारते मी. उसातनं नीट वाट काढत आलासा. कुठं थांबला न्हाय, कुणाला इचारलं न्हाय."

"मागल्या आयतवारी येऊन गेल्तो," तात्या म्हणाले. "म्हटलं, बघून ठिवावं."

मला हसू आलं, पण काकी हसत नव्हती. ती रागावलीही नव्हती. म्हणाली, "लगीन झाल्यापासनं मी जितं जितं गेले, तितं तुमी आधी उभं राहून गेल्ता. चुलीची जागासुदिक तुमीच पायानं दाखवायचा. मला एकदा तरी आशी जागा बघायची हाय, जी तुमी बघितली न्हाय."

एक पक्षी उडाला, आणि त्याच्यामागं सगळा थवा. तात्यांनी मान वर करून तो जाईपर्यंत बघितलं. घरी येईपर्यंत एसटीत दोघं दोन्हीकडच्या खिडक्यांतून बाहेर बघत होते.

सत्त्याण्णवच्या फाल्गुनात बिष्टच्या बहिणीचं लग्न ठरलं. तो बायको-मुलीला घेऊन महिन्याभरासाठी गावी निघाला आणि निरोप घ्यायला आमच्याकडं आला. म्हणाला, "तात्या, या वेळी चला. लाल फुलांचे दिवस आहेत. घर आपलंच आहे. हेमालाही पोरीपायी गाडीत सोबत होईल."

तात्यांचे डोळे चमकले. पण गहू कापणीला आला होता आणि म्हैस व्यायला झाली होती. घरातल्या एकाला थांबणं भाग होतं. ते म्हणाले, "झालं तर मग. मी म्होरं जातो, बघून येतो. ही ऱ्हाईल हितं."

"ह्या येळंला मी म्होरं जाते," काकी म्हणाली.

ती चुलीजवळून उठलीही नव्हती. तिथूनच बोलली. बिष्टनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं.

"बाईमाणूस म्होरं जात न्हाय," तात्या म्हणाले. त्यात जोर नव्हता. आजवर जसं होतं तसं त्यांनी सांगितलं.

"का जात न्हाय?"

"आगं, म्होरं जायाचं म्हंजी बघाया कळाय पायजे. पाणी, चारा, वारं."

"तुमी पाणी बघितलं, चारा बघितला, वारं बघितलं," काकी म्हणाली. "बायकास्नी आडोसा कुठं हाय, ते इतक्या वर्सांत एकदा तरी बघितलं का? उजाडायच्या आत उठून आमी चौघी-पाचजणी लुगडी आडवी धरून उभ्या ऱ्हायचो, एकीसाठी एक. कारभारी मेंढरं मोजायचा."

हेमाची मुलगी ओट्यावर वाटी आपटत होती, तेवढाच आवाज. तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग ते बाहेर गेले आणि म्हशीजवळ उभे राहिले. मी मागोमाग गेलो. ते म्हणाले, "दीपक, ती म्हंती ते खरं हाय रं." आणि थोड्या वेळानं, "मला म्हाईतच नव्हतं."

आत येऊन त्यांनी काकीला एवढंच विचारलं, "थंडीचं काय न्हेशील?"

"घोंगडं हाय की," ती म्हणाली.

दौंडला मी तिला गाडीत बसवून आलो. हेमाच्या मुलीला मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली होती. गाडी हलली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती पुढं बघत होती.

ती गेल्यावर तात्या वेगळेच झाले. गहू कापला, म्हशीला रेडी झाली, त्यांनी स्वतः भाकऱ्या केल्या, थोड्या जाड. पण बोलता बोलता ते मधेच थांबायचे. संध्याकाळी बांधावर बसलेले असायचे, उत्तरेकडं तोंड करून. त्या बाजूला उसाच्या तुऱ्यांवर ऊन पिवळं पडायचं आणि कालव्याचं पाणी आवाज न करता जात असायचं. मी जवळ बसलो की म्हणायचे, "आत्ता ती तळ्याव गेली आसंल." कधी म्हणायचे, "फुलं पाण्यात पडत आसत्याली का रं? लाल रंग पाण्यात लाल दिसत न्हाय. काळं दिसतं." एकदा म्हणाले, "मला वाटायचं, मागं ऱ्हायलेल्यांला काय, नुसतं बसून ऱ्हायचं. पर मागं ऱ्हायलं की समदा मुलूख डोक्यात उभा ऱ्हातो. ही तीस वर्सं अशी बसत आसंल न्हाय?"

तेव्हा गावात एसटीडी बूथ होता. बिष्टच्या गावच्या दुकानात फोन आहे हेही माहीत होतं. मी म्हणालो, लावू का. तात्या नको म्हणाले. पुढं गेलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, अशी आमच्या वाड्याची रीत होती.

काकी आली ती पाडव्याच्या आसपास. चेहरा उन्हानं रापलेला, नाकाचं टोक सोललेलं. बघून आलेला माणूस पाणी पिईपर्यंत त्याला काही विचारायचं नाही, हीही वाड्याची रीत. तात्यांनी स्वतः तांब्या भरून आणला. ती प्यायली, पाय पसरून बसली, म्हशीच्या रेडीकडं बघून "बरी हाय" म्हणाली. मग तात्या तिच्यासमोर उकिडवे बसले, जसे वाड्यातले लोक त्यांच्यासमोर बसायचे.

"बोल," ते म्हणाले.

तिनं सांगितलं. वाट डोंगराला वळसे घेत जाते, पोटात ढवळतं, लिंबू जवळ ठेवावं. माणसं चांगली आहेत, पण भाजीत मीठ टाकल्यासारखं बोलतात, कमी आणि नेमकं. बिष्टच्या आईनं तिला चुलीजवळ फिरकू दिलं नाही, दिवसभर उन्हात बसवून ठेवलं, तिला सुरुवातीला हातांचं काय करावं तेच कळेना. बायका अंधारातच गवत कापायला जातात, तीही दोनदा गेली. फुलं लाल आहेत, गोड लागतात, त्यांचं सरबत करतात. बर्फाचे डोंगर मात्र दिसले नाहीत. खिंडीत गेली, पण त्या बाजूला धुरकट होतं.

"आन् पाणी?" तात्यांनी विचारलं. इतका वेळ ते त्याचीच वाट बघत होते.

"पाणी मी सांगत न्हाय."

"म्हंजी?"

"ते तुमी बघा."

तात्या तिच्याकडं बघत राहिले. कारभाऱ्याला कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. मग ते खाली बघून हसले, एकटेच, पोट हललं इतके. "बरं. मग वाडा न्यायचा का न्हाय?"

"न्यायचा. पर आत्ता न्हाय. पाऊस उघडल्याव. बिष्टाची आई म्हणली, तवा मागचं डोंगूर सोच्छ दिसत्यात."

तात्यांनी मान हलवली. तारीख, गाडी, मुक्काम, यातलं त्यांनी त्यानंतर काही विचारलं नाही. पावसाळाभर मात्र मला गाठून म्हणत राहिले, "हिरवं आसंल का निळं?" मी म्हणायचो, "काकीला विचारा." ते म्हणायचे, "न्हाय सांगत ती," आणि ते सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं काही तिनं त्यांना लपवून काही दिलं आहे.

दसरा झाला आणि म्हैस माझ्यावर सोपवून दोघं निघाले. दौंडच्या फलाटावर ऊन कोवळं होतं. तात्या खांद्यावर घोंगडी आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभे होते. काकी डब्यात चढून जागा बघून आली होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "या. डाव्या अंगाची खिडकी धरलीया."

तात्यांनी एकदा रुळांकडं बघितलं, दूरवर, जिथं ते मिळाल्यासारखे दिसतात तिथपर्यंत. मग पिशव्या तिच्या हातात दिल्या आणि चढले.